माझी होतीस म्हणून

“आम्हाला कापणार कधी?”

ज्वारीच्या पातळ आंबिलीचं वाडगं मी त्याच्यापुढे धरलं होतं आणि तो वाडग्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता. पायाची जखम सडून सुजली होती, अंगात ताप होता, ओठांना भेगा पडल्या होत्या. आवाज मात्र शांत. गाडी कधी सुटणार म्हणून एखादा पाहुणा विचारतो ना, तसा.

“कापणार?” मी म्हटलं.

“खायला. तुम्ही आम्हाला चारताय ते कशासाठी, ठाऊक आहे आम्हाला. बाकीचे घाबरलेत. मी म्हातारा झालो. मला दिवस सांगितला तरी चालेल.”

त्याचं बोलणं मला अर्धंमुर्धंच कळलं. ती भाषा मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. ‘कापणे’ हा शब्द तेवढा कानात शिरताच उमगला. आई भोपळा कापायची तेव्हा ऐकलेला असणार. मी तिथेच जमिनीवर बसकण मारली, वाडग्यातली घोटभर आंबील स्वतः प्यायले आणि मोडक्यातोडक्या शब्दांत त्याला सांगितलं, “कोणी कापत नाही, बाबा. कोणी खात नाही. प्या.”

तो हसला. विश्वास बसला म्हणून नव्हे. लहान मूल खोटं बोललं की मोठी माणसं हसतात तसा. मग वाडगं घेऊन त्याने एका दमात रिकामं केलं.

माझं नाव फिबी. हे नाव मला नाशिकजवळच्या शरणपुरात मिळालं. त्याआधीचंही एक नाव होतं. शरणपुरात मिशनचा एक आश्रम होता, आफ्रिकेतून धरून आणलेल्या आणि वाटेत इंग्रजांच्या जहाजाने सोडवलेल्या मुलांसाठी. मी तिथे आले ती सहा-सात वर्षांची. वाढले तिथेच, बाजरीची भाकरी खाऊन, मराठी बोलून. ख्रिस्ती देवळात मराठी गायले, भांडले मराठीत, स्वप्नंही मराठीत पडायची. माझा नवरा नथनेल तिथेच लोहारकाम शिकला. तो माझ्यासारखाच काळा, माझ्यासारखाच सोडवून आणलेला. पण त्याचा मुलूख वेगळा, भाषा वेगळी, आणि तीही तो विसरलेला. आमच्या दोघांत मराठीखेरीज दुसरी भाषाच नव्हती.

मिशनने मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर नवी वसाहत उभी केली तेव्हा शरणपुरातली काही जोडपी तिकडे नेली. आफ्रिकेच्या लोकांना आफ्रिकेचीच माणसं हवीत, असं पाद्री म्हणत. नथनेलला तिथे लोहारशाळा मिळाली, मला दवाखाना. आंब्याची जुनी झाडं होती, दोन गोरखचिंचा होत्या आणि खाली खाडीचं पाणी. किनाऱ्यावरची स्वाहिली मी लवकर शिकले. मी नऊवारी नेसून खाडीवर गेले की तिथल्या बायका मला हिंदी वाण्याची बायको समजत आणि तोंडाकडे पाहून चक्रावत.

त्या दिवसांत कायद्याने गुलामांचा व्यापार बंद झाला होता. पण वादळाने झांजिबारातली लवंगेची झाडं झोपवली होती, पेंबा बेटावर नवे मळे उठत होते, आणि लवंगेची कळी झाडावर चढून हाताने खुडावी लागते. हात कुठून आणायचे? गलबतं चोरून भरतच होती. त्यातलं एखादं इंग्रजांच्या हाती लागलं, की त्यातली माणसं आमच्या किनाऱ्यावर उतरवत. हा म्हातारा तसाच आला होता, झोळीत घालून.

त्याचं नाव मातेंगा.

त्याच्याबरोबर उतरलेल्या चार माणसांखेरीज त्याची भाषा येणारं वसाहतीत दुसरं कोणी नव्हतं, आणि मलाही ती येत होती असं म्हणायला नको. पण जखम धुताना तो बोलायचा आणि मी ऐकायची. तो पाण्याकडे बोट दाखवून शब्द म्हणायचा. मी म्हटलं की मान हलवायचा. काही शब्द त्याने म्हणायच्या आधीच माझ्या तोंडात यायचे. राख. उखळ. मुंगी. एकदा मी आपणहोऊन ‘मध’ म्हटलं आणि तो टाळी वाजवून हसला.

“तू आमच्याकडची दिसतेस, बाई,” तो म्हणाला. “नेसणं कुठलं का असेना.”

“असेन,” मी म्हटलं.

खरं सांगते, मला तो आवडायला लागला होता. गप्पिष्ट होता, ताप उतरल्यावर तर थांबेचना. शेजारच्या खाटेवरचं पोर रात्रभर रडलं तर सकाळी त्याला नकला करून हसवायचा. बरोबर उतरलेल्या बायकांना तो सांगायचा, खा, ही बाई खरी आहे, ही आपल्याला खाणार नाही. संध्याकाळी मी नथनेलला म्हणायचे, “अहो, आज मला आणखी बारा शब्द आठवले.” नथनेल हातोडा पुसत म्हणायचा, “मला एक तरी आठवला असता.”

शरणपुरात आम्हा सगळ्या मुलांची एकच गोष्ट होती. रात्री लुटारू आले, घरं जाळली, आईबापांना मारलं, आम्हाला पळवलं. मडमा यायच्या तेव्हा आम्ही ती एकेक करून सांगायचो आणि त्या डोळ्यांना रुमाल लावायच्या. मीही सांगायचे. पण मला स्वतःला आठवायचं ते वेगळंच. कोणाच्या तरी खांद्यावर मी बसले आहे, ऊन आहे, हातात मधाचं पोळं आहे, बोटं चिकट झाली आहेत. मग मला खाली उतरवलं जातं. आग आठवत नव्हती, किंकाळ्या आठवत नव्हत्या. लहान होते, विसरले असेन, असं मी धरून चालले होते.

एका दुपारी मातेंगाला टेकून बसवलं होतं. मी पट्टी बदलत होते. नथनेल दवाखान्याच्या दाराची बिजागरी ठोकत होता.

“तुमचं गाव कुठलं, बाबा?” मी विचारलं.

त्याने नदीचं नाव सांगितलं, लुसेंगा. नदीच्या वळणावर एक बोडका खडक आहे म्हणाला, त्यावर बायका धान्य वाळवतात. मला तो खडक दिसला. तळव्यांना चटका बसल्यासारखं झालं.

“मोठं गाव?”

“होतं. नदीपलीकडच्यांकडे बंदुका आल्या, तेव्हा आमच्याकडे एकही नव्हती. त्यांनी एका पावसाळ्यात आमची दोन वस्त्यांची माणसं नेली. आता आमची पाळी, हे आंधळ्यालाही दिसत होतं. तेवढ्यात किनाऱ्यावरचा व्यापारी आला, काफिला घेऊन. बंदूक देतो म्हणाला. काय द्याल? हस्तिदंत मागितलं. हत्ती तर केव्हाच पार पळाले होते. मग म्हणाला, हस्तिदंत नाही, तर माणूस द्या.”

“मग?”

“दिलं.” त्याने पाय थोडा हलवला, मला पट्टी नीट बांधता यावी म्हणून. “माझ्या बहिणीची पोर होती. नाम्बेवे. चुणचुणीत. नडगीवर निखाऱ्याने भाजल्याचा डाग होता, पण व्यापारी म्हणाला चालेल. वाटेत रडू नये म्हणून मध दिला होता मी तिला. रडली नाही. शहाणी पोर.”

माझ्या हातातली पट्टी सुटून जमिनीवर गेली, उलगडत गेली. मी ती उचलली नाही. नऊवारीखाली माझी नडगी जळायला लागली, आत्ताच निखारा पडल्यासारखी.

“काय म्हणतोय?” नथनेलने दारातून मराठीत विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “गावाकडचं सांगतोय.”

मातेंगा वाकला, पट्टी उचलून त्याने माझ्या हातात दिली. “दमलीस, बाई,” तो म्हणाला. “बस जरा.”

मी त्याच्या पायाला पट्टी बांधली. आजही मला कळत नाही कशी बांधली. मग भांडी घेऊन बाहेर आले आणि गोरखचिंचेच्या मागे जाऊन उकिडवी बसले, नडगी दोन्ही हातांनी धरून.

नथनेल मागोमाग आला होता. माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या हातात हातोडा होता. तो त्याने एकदा या हातातून त्या हातात घेतला.

“खात्री आहे?”

“नाम्बेवे म्हणाला तो. हे नाव मी तुमच्याखेरीज कोणाला सांगितलेलं नाही. आणि डाग तुम्ही पाहिलाय.”

“त्याला कळलं, तू कोण ते?”

“नाही.”

“तू सांगणार नाहीस,” तो म्हणाला. “मी सांगतो. मला ती भाषा लागत नाही त्यासाठी.” आणि तो दवाखान्याकडे निघाला. मी त्याचा दंड धरला.

“अहो, माझ्या बापाला कोणी मारलं नाही,” मी म्हटलं. “घर जाळलं नाही कोणी. इतकी वर्षं मी मडमांना सांगत आले. आणि हा मला खांद्यावर बसवून घेऊन गेला. मध चारत.”

नथनेल खाली बसला. मीही शेजारच्या मुळावर बसले. मग तो म्हणाला, “माझ्या गोष्टीतही आग आहे. ती तरी खरी असेल का?”



दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलेच नाही, दुसरीला पाठवलं. काय करायचं ते मला ठरवायचं होतं. पण ते ठरायच्या आतच बोभाटा झाला. काठी टेकत मातेंगा पहिल्यांदा अंगणात आला आणि मक्याच्या शेतातून परतणाऱ्या चिसालेने त्याला पाहिलं.

चिसाले हा आमच्याकडे वर्षभर आधी आलेला तरुण. कामसू, अबोल. त्याने डोक्यावरचा भारा टाकला, मातेंगाच्या अंगावर झेप घेतली आणि त्याचा गळा धरला. चौघांनी मिळून त्याला ओढला. तो ओरडत होता, “हाच! आमच्या वाडीवर बंदूक घेऊन आला होता तो हाच!”

अर्ध्या घटकेत सगळी वसाहत आंब्याखाली जमली. मुख्य साहेब आले. थॉर्नबी त्यांचं नाव; उंच, मऊ आवाजाचे, हिवतापाने पिवळे पडलेले. खुर्ची आणली होती, पण ते बसले नाहीत. चिसालेने स्वाहिलीत सांगितलं: पहाटे गोळ्या सुटल्या, आई कुंपणातच पडली, बहिणीच्या पाठीला तान्हं होतं, तिला काफिल्याबरोबर चालणं जमेना म्हणून ते वाटेत काढून टाकलं. बहीण कुठे गेली, त्याला माहीत नाही. मोकळी झालेली माणसं ऐकत होती. त्यातल्या कितीतरी जणांच्या मानेवर, खांद्यावर वळ होते, धरलेल्या माणसाच्या गळ्यात अडकवतात त्या बेचक्याच्या लाकडाचे. मागून कोणीतरी म्हणालं, “वेशीबाहेर काढा त्याला.” आणखी चार आवाज उठले. वेशीबाहेर म्हणजे काय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. बाहेर एकटा सापडलेला माणूस संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी गलबतात असायचा.

साहेब म्हणाले, “त्याचंही ऐकलं पाहिजे. फिबीला बोलवा.”

मी पुढे झाले. नथनेल मराठीत पुटपुटला, “नको, फिबी.” मी गेले. मातेंगा जमिनीवर बसला होता, गळ्यावर बोटांचे ठसे. मला पाहून त्याचा चेहरा खुलला.

“आलीस, बाई? यांना सांग, मी पळून जाणार नाही.”

साहेब विचारत, मी त्याला सांगत होते. तो बोलायचा, मी स्वाहिलीत सगळ्यांना सांगत होते. मी शब्द जसाच्या तसा ठेवत होते. त्याला वाचवायचा नव्हता आणि बुडवायचाही नव्हता.

“तुम्ही या माणसाच्या वाडीवर हल्ला केलात?”

“केला असेन. वाड्या पुष्कळ होत्या. याचा चेहरा आठवत नाही.”

“का केलात?”

“बंदूक एकदा घरात आली की तिला दारू लागते. दारू किनाऱ्यावरून येते. व्यापारी दारूच्या बदल्यात कापड घेत नाही, मका घेत नाही. हस्तिदंत घेतो, आणि हस्तिदंत उचलायला माणसं घेतो, आणि किनाऱ्यावर पोचलं की ती माणसंही विकतो. मग दारूसाठी आम्ही शेजाऱ्यांची माणसं धरली. नदीपलीकडचेही तेच करत होते. आम्ही थांबलो असतो तर त्यांनी आम्हाला धरलं असतं. शेवटी धरलंच. त्यांच्या बंदुका जास्त होत्या. त्यांनी गाव जाळलं, मला बेचक्यात घातलं. ज्याने मला पहिली बंदूक दिली होती, त्याच माणसाला विकलं.”



साहेबांनी विचारलं, “पहिली बंदूक कशाच्या बदल्यात मिळाली?”

मी तो प्रश्न त्याला विचारला. त्याने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. “तुला सांगितलं की मी. सांग ना.”

“तूच सांग,” मी म्हटलं. आमच्या भाषेतही मराठीसारखंच आहे, वडीलधाऱ्याला अहोजाहो करतात. मी पहिल्यांदाच त्याला एकेरी बोलले. त्याच्या ते ध्यानात आलं.

“बहिणीची मुलगी दिली,” तो सावकाश म्हणाला. “नाम्बेवे.”

मी गर्दीकडे वळले. “तो म्हणतो, बहिणीची मुलगी दिली. नाव नाम्बेवे.” मग मी लुगड्याचा काठ घोट्यापासून वीतभर वर उचलला. “ती मी.”

कोणीतरी किंचाळलं, कोण ते मी पाहिलं नाही. साहेबांचा चेहरा कागदासारखा झाला. “फिबी,” ते म्हणाले, “तू बस. आपण दुसरा दुभाषी पाहू.”

“दुसरा कोणी नाही, साहेब.”

मातेंगाला मी काय म्हणाले ते कळलं नव्हतं. पण डाग दिसला होता. तो हातांवर रेलत पुढे सरकला, माझ्या नडगीकडे बघत राहिला, मग वर तोंडाकडे. त्याचं तोंड उघडंच राहिलं. भूत पाहावं तसं.

“पण तुला तर खाल्लं,” तो म्हणाला.

मी हे भाषांतर केलं नाही. एवढं एकच.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं. “ते लोक खातात असं तू तेव्हाही समजत होतास?”

“सगळेच समजत होते. एवढी माणसं खाली गेली, एकही परत आलं नाही. काय करत असतील एवढ्या माणसांचं? खातच असणार.”

“आणि तरी मला दिलंस. खायला.”

“दुसरं कोणाला देणार?” त्याला माझा प्रश्नच कळेना. “आपल्यात पोरावर हक्क मामाचा. माझी पोरं माझी नव्हती, ती त्यांच्या मामांची. शेजाऱ्याची पोर दिली असती तर रक्त सांडलं असतं. देता येतं ते आपलं असतं तेच. तू माझी होतीस. माझी होतीस म्हणून दिलं.”

शरणपुरात उन्हाळा आला की हिंदू शेजाऱ्यांची पोरं मामाच्या गावाला जायची, आणि कुंपणाला तोंड लावून मी त्यांचा हेवा करायचे. मामा काय असतो ते मला पाहायचं होतं. तो हा. माझ्या पायापाशी बसलेला, दुखरा पाय पसरून, माझ्या हातची आंबील पिऊन बरा झालेला. आणि तो खोटं बोलत नव्हता. नथनेल केव्हा येऊन शेजारी उभा राहिला, कळलं नाही.

“फिबी,” साहेब हळूच म्हणाले, “चिसालेचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं. या माणसाने सगळ्यात आधी तुझं वाईट केलं. त्याला इथे ठेवायचं की नाही, हे तुझ्यावर सोडतो. तू म्हणशील तसं होईल.”

माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. चिसाले मुठी आवळून उभा होता. ‘घालवा’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो माझ्या जिभेवर होता.

म्हणण्याआधी मी मातेंगाला एकच विचारलं. “आई?”

आत्तापर्यंत सगळं सपाट आवाजात सांगणाऱ्या त्या माणसाने पहिल्यांदाच खाली पाहिलं.

“तुझ्या आईला सांगितलं नव्हतं मी. ती शेतावर होती. संध्याकाळी आली, तुला शोधू लागली. सांगितल्यावर माझ्या हातचं पाणीही घेईना. बोलेना. पुढच्या हंगामात काफिला परत आला तेव्हा आपणहून येऊन उभी राहिली. म्हणाली, तिला दिलंस तिथे मलाही दे. मी म्हटलं, वेडी आहेस, तिथे माणसं खातात. म्हणाली, माहीत आहे. माझी पोर एकटी गेली तिथे.”

“आणि तू?”

“मी दिली नाही. शपथेवर सांगतो, तिच्याबद्दल मी दारूची चिमूटही घेतली नाही. तीच गेली. व्यापाऱ्याने फुकटची बाई म्हणून दोरीत घेतली. किनाऱ्यापर्यंत पोचली, असं पुढच्या वर्षी त्याचा माणूस म्हणाला. लवंगेच्या बेटावर विकली असेल. आणखी काही मला माहीत नाही.”

आंब्याखाली सगळे खोळंबले होते. साहेब म्हणाले, “काय म्हणतो?” मला स्वाहिली आठवेना, इंग्रजी आठवेना. मी नथनेलला मराठीत सांगितलं आणि त्यानेच ते स्वाहिलीत पुढे सांगितलं, एकेक वाक्य करत. ऐकता ऐकता चिसालेच्या मुठी सुटल्या आणि तो मटकन खाली बसला.

मी एवढंच म्हटलं, “राहू दे त्याला.”

“का?” चिसाले ओरडला. “तूच सांग, का?”

“मला आईचा चेहरा आठवत नाही,” मी म्हटलं. “याला आठवतो.”

चिसालेने मला माफ केलं नाही, मातेंगालाही नाही. तो वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही त्याने या बाजूला कधी येऊ दिलं नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. मातेंगाला लोहारशाळेमागे एक खोपट दिलं. भाता ओढायचं काम नथनेलने त्याला दिलं, पण त्याच्याशी शब्दही बोलला नाही. मी दोन वेळा जेवण पाठवायची. मामा मी त्याला एकदाही म्हटलं नाही. त्यानेही माझ्याकडे काही मागितलं नाही, क्षमासुद्धा. ती मागायची असते, हे त्याला उमगलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

पण किनाऱ्यावर होडी लागली की आम्ही दोघं खाली जायचो. पकडलेल्या गलबतातली माणसं असत, कधी पेंबाच्या मळ्यांतून रात्री पोहत, फळकुटं धरून पळालेली असत. मातेंगा काठीवर भार देऊन पाण्यात गुडघाभर उभा राहायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाहायचा. मी त्याच्याकडे पाहायची. तो मान हलवायचा. नाही. पुढची. नाही. कधीकधी एखादीपाशी तो जरा जास्त थांबायचा आणि मी पाण्यात एक पाऊल पुढे टाकायची. नाही. मग आम्ही वर चढायचो. असं सात-आठ वर्षं चाललं.

शेवटची होडी आली तेव्हा त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उतरलेल्यांत एकच म्हातारी होती, सुकून काटकी झालेली, हाताच्या बोटांना लवंगेचा वास मुरलेला. सगळे वर निघून गेले तरी ती ओल्या वाळूतच बसून राहिली. मातेंगाने तिच्यासमोर उकिडवं बसून तिचं तोंड न्याहाळलं. हनुवटी धरून उजेडाकडे वळवलं. मला आईची हनुवटी कशी होती तेही माहीत नव्हतं. मी वाट पाहत उभी होते.

“ही नाही,” तो म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच, माझ्याकडे न बघता, “मला वाटलं होतं.”

म्हातारीने माझ्या लुगड्याचा काठ धरला आणि पाणी मागितलं. आमच्याच भाषेत. मी तिला उचललं, तर पोरीएवढं वजन. घरी आणली. नथनेलने आतली खाट बाहेर काढून दिली.

ती आमच्याकडे चार पावसाळे होती. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुठून आली, कोणाची, काही सांगता यायचं नाही. पण रोज संध्याकाळी दारात बसून ती आतल्या बाजूला हाक मारायची, “चिकोंडी! ए चिकोंडी!” तिची मुलगी असावी.

चुलीपाशी बसल्या बसल्या मी “ओ” द्यायची.